चाकणच्या कंपनीत प्रेझेंटेशन आहे, ३० स्लाइड झाल्यात, टेम्प्लेट कुठलं घेऊ?

टेम्प्लेटचं सगळ्यात शेवटी बघा. तुमचं भोसरीत मशिनिंग शॉप आहे, समोर परचेस आणि क्वालिटीची माणसं असणार आणि २० मिनिटं मिळणार असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ३० मधल्या निम्म्या स्लाइड तरी जायलाच हव्यात. मी पुण्यात अशाच छोट्या इंजिनिअरिंग कंपन्यांची प्रेझेंटेशन करून देतो आणि बहुतेकांची सुरुवात तीच असते, कंपनीचा इतिहास, मग मशीनची यादी, मग सर्टिफिकेटं. अहो, ती यादी व्हेंडर फॉर्ममधून त्यांच्याकडे आधीच गेलेली असते.

पॉवरपॉइंट बंद करा आणि कागदावर लिहून काढा की त्यांना नेमकं काय पटायला हवंय. मग प्रत्येक स्लाइडचं टायटल पूर्ण वाक्यात. 'क्वालिटी परफॉर्मन्स' असं नको, 'फिक्स्चर बदललं आणि रिजेक्शन १८०० पीपीएमवरून ४०० वर आलं' असं (फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे बनवायचा पार्ट, पकडून ठेवणारं साधन; पीपीएम म्हणजे दर दहा लाख नगांमागे किती बाद; आकडे अर्थात तुमचे खरे टाका). ज्या स्लाइडला असं वाक्य सुचत नाही ती काढून टाका, हळहळ नको. वाक्य ठरलं की चार्ट कुठला ते बऱ्याचदा आपोआप ठरतं, दर महिन्याचं रिजेक्शन असेल तर लाइन चार्ट, आणि फिक्स्चर ज्या महिन्यात बदललं तिथे उभी रेघ मारून शेजारीच तसं लिहा, आणि कुठल्या डिफेक्टने किती जॉब गेले ते दाखवायचं तर पॅरेटो, म्हणजे सगळ्यात मोठ्या कारणापासून उतरत्या क्रमाने लावलेला बार चार्ट. थ्रीडी पाय चार्ट प्लीज नको, तो तिरका असतो म्हणून पुढचा तुकडा आहे त्याहून मोठा दिसतो आणि क्वालिटीवाल्यांच्या ते लगेच लक्षात येतं. बार चार्ट शून्यापासूनच सुरू करायचा, कारण तिथे माणूस बारची उंचीच बघतो, लाइन चार्टला तेवढी सक्ती नाही.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. एक्सेलमधून चार्ट कॉपी करून पेस्ट करताना तो एम्बेड झाला तर अख्खी एक्सेल फाइल आत जाते, सगळ्या शीटसकट. म्हणजे तुमचं कॉस्टिंग त्याच फाइलमध्ये असेल तर परचेसवाल्याने चार्टवर राइट क्लिक करून डेटा उघडला की तुमचं मार्जिन त्याच्यासमोर! चार्ट पिक्चर म्हणून पेस्ट करा आणि पाठवताना पीडीएफच पाठवा.

रंगांचं म्हणाल तर कॉन्फरन्स रूममध्ये लाइट चालू असतात आणि प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तिथे फक्त प्रकाश पडत नाही एवढंच, त्यामुळे लॅपटॉपवर झकास दिसणारं काळं बॅकग्राउंड तिथे फिकट राखाडी होतं. पांढऱ्यावर गडद अक्षरं ठेवा, २४ पॉइंटच्या खाली शक्यतो जाऊ नका. चांगलं-वाईट नुसत्या हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, काही पुरुषांना त्यातला फरक नीट दिसत नाही, शेजारी आकडा लिहा. शॉपचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर फोटो कॉम्प्रेस होतो आणि मोठा केला की फाटतो.

पण माझं खरं मत विचाराल तर तुमचं सगळ्यात भारी व्हिज्युअल म्हणजे तुमचा जॉब. एक फिनिश्ड पीस न्या आणि एक मधून कापलेला, आतलं बोअर (भोक), आतलं फिनिश दिसेल असा. तो टेबलावर ठेवायचा, हातात घेऊ द्यायचा, आणि तेव्हा कीबोर्डवर बी दाबायचं, स्लाइड शोमध्ये स्क्रीन काळा होतो आणि सगळे पीसकडेच बघतात. परत बी दाबलं की स्लाइड परत. त्याच पीसचं ड्रॉइंग आणि मोजमापाचे रीडिंग एका ए३ कागदावर प्रिंट करून प्रत्येकासमोर ठेवा, कारण टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याचे, बारीक आकडे स्क्रीनवर कुणालाच वाचता येत नाहीत. आदल्या दिवशी एक कॉपी काढून बघा, स्क्रीनवरचा चमकदार निळा प्रिंटमध्ये मळकट येतो.

आणि हो, बऱ्याच कंपन्यांत पेनड्राइव्ह गेटवरच ठेवून घेतात, म्हणून पीडीएफ आधीच मेल करून ठेवा.