फेरी मोजायला शिक

अनेक आशीर्वाद.

वेंडेल स्कॉट या अमेरिकी शर्यत-ड्रायव्हरवरचं तुझं टिपण वाचलं. मनापासून लिहिलं आहेस, पण 'नॅसकारमधला पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर' हे वाक्य आधी खोड. एलियास बोवी १९५५ मध्ये आणि चार्ली स्कॉट १९५६ मध्ये नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, वरच्या श्रेणीत उतरले होते. वेंडेल पहिला ठरला तो त्या श्रेणीत जिंकण्यात. आणखी मागे जायचं तर इंडियानापोलिसला जा. मोठ्या शर्यतींत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून तिथे १९२४ मध्ये 'गोल्ड अँड ग्लोरी' ही १०० मैलांची शर्यत सुरू झाली. चार्ली विगिन्स या मेकॅनिकने स्वतः बांधलेल्या गाडीने ती चार वेळा जिंकली. कशात पहिला, ते त्याच वाक्यात लिहीत जा. नाहीतर आधीची माणसं पुसली जातात.

आता वेंडेलच्या त्या विजयाची जॅक्सनव्हिलची शर्यत. १ डिसेंबर १९६३, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. वेंडेल स्कॉट पुढे होता, पण विजेता म्हणून जाहीर झाला बक बेकर, आणि करंडकही त्यालाच दिला गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, स्कॉट जिंकल्याचं मान्य झालं. तो दोन फेऱ्यांनी पुढे होता; त्याच्या २०२ फेऱ्या झाल्या होत्या. 'मोजणीतली चूक' एवढंच लिहून तू पुढे गेलास, हे मला पटलं नाही. ती मोजणी कशी होते हे ठाऊक असल्याशिवाय असं लिहू नये.

त्या काळी प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा असे. हातात रकाने आखलेलं कार्ड, समोर घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की त्या फेरीपुढे वेळ लिहायची. फेरीला ३० सेकंद धर. कार्डावर २:१०:००, २:१०:३०, २:११:०० असे आकडे उतरत जातात. धुळीत दारावरचा क्रमांक दिसत नाही, नजर हुकते, आणि पुढची नोंद थेट २:१२:०० पडते. साठ सेकंदांची फट पडली, म्हणजे बहुतेक एक फेरी गळली. पण धोक्याचा इशारा देणारा पिवळा झेंडा असेल तर सगळ्याच गाड्या संथ जातात आणि फट सगळ्यांच्या कार्डांवर दिसते. म्हणून शेजारच्या दोन-तीन गाड्यांची कार्डं बाजूला ठेवून बघायची. फट एकाच कार्डावर असेल आणि ती गाडी त्या वेळी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, थांबलेली नसेल, तर फेरी गळलीच समज.

म्हणजे कार्डं हाताशी असली की चूक सापडते. ती सापडल्यावर भरल्या मैदानात, लोकांसमोर सांगितली गेली नाही, ही मोजणीतली चूक नव्हे. टिपणात या दोन गोष्टी वेगळ्या मांड. स्कॉट १९९० मध्ये गेला. त्या विजयाचा रीतसर करंडक घरच्यांच्या हाती पडला तो ऑगस्ट २०२१ मध्ये.

निकालपत्रक वाचताना पहिल्या नावावर थांबू नकोस. स्कॉटच्या ४९५ शर्यती, विजय १, पण पहिल्या दहात १४७ वेळा. जुन्या सामानावर, स्वतः पाने-पक्कड हातात घेऊन, मुलांना पिटमध्ये उभं करून गाडी पळवणाऱ्याचे हे आकडे आहेत. 'पूर्ण केलेल्या फेऱ्या' आणि 'बाहेर पडण्याचं कारण' हे दोन रकाने जोडून वाच. इंजिन, ॲक्सल, गिअर अशा नोंदी एकापाठोपाठ आल्या की गाडी किती ताणून वापरली जात होती याचा अंदाज येतो.

हल्ली गाडीवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे गाडीची ओळख सांगणारा संकेत पाठवणारं छोटं यंत्र, असतो आणि रेषेखाली पुरलेली तार फेरी टिपते. तरीही कधी तो चार्ज केलेला नसतो, कधी जमिनीपासून फार उंच बसवलेला असतो, कधी त्याच्या खाली धातूचा पत्रा येतो, आणि फेरी नोंदलीच जात नाही. तेव्हा हाताने लिहिलेला कागदच कामाला येतो.

शर्यतींवर तुझा जीव आहे, तर हे काम करून बघ. जवळच्या गो-कार्ट ट्रॅकवर शर्यत असेल तेव्हा एक जोडीदार, दोन पेन्सिली आणि सेकंद दाखवणारं घड्याळ घेऊन रेषेसमोर बस. एकच गाडी निवड. क्रमांकाबरोबर हेल्मेटचा रंगही लिहून ठेव. एकाने फक्त गाडी बघायची, दुसऱ्याने फक्त लिहायचं. २० फेऱ्यांनी अदलाबदल. शेवटी अधिकृत निकालाशी ताडून बघ आणि कार्डाचा फोटो मला पाठव. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ मार, पण रबर लावू नकोस. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.