एका पानाची खरी किंमत

प्रश्न : ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममधल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळात नॉर्दर्न रिअल्म्स या गटाला फेरी जिंकल्यावर एक जादा पान मिळतं, तर निल्फगार्ड या गटाला बरोबरीची फेरी जिंकल्याचं धरतात. सरस काय?

उत्तर : बहुतेक डावांत नॉर्दर्न रिअल्म्स. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की डाव संपतो, म्हणजे हे पान उपयोगी पडतं फक्त एकदाच. तरी ते मोलाचं आहे. हेराचं पान टाकून दोन उचलली, तरी हातात निव्वळ एकच वाढतं आणि हेराचे गुण समोरच्याला जातात; इथे ते फुकट मिळतं.

चूक होते ती पहिल्या फेरीत. अख्ख्या डावासाठीच्या दहापैकी सहा पानं खर्चून तुम्ही जिंकलात आणि समोरच्याने चारच टाकून पास केलं, म्हणजे त्या फेरीपुरतं खेळणं थांबवलं, तर तुमच्याकडे चार अधिक एक, पाच पानं, त्याच्याकडे सहा. बक्षीस घेऊनही तुम्ही मागेच! खर्चातला फरक दोन पानांचा झाला, की फेरी सोडून द्यावी.

निल्फगार्डची ताकद समोरचा आधी पास झाला तर दिसते. तो ४५ गुणांवर थांबला, तर तुम्हाला ४६ नको, ४५ पुरतात. फायदा एका गुणाचाच. पण नेमक्या त्या गुणासाठी आणखी एक पान टाकावं लागणार असेल, तर तेच पान वाचतं.