ओमाआजीच्या बिस्किटाच्या डब्यातले कागद

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, पण एकाच पत्राने माझी निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, त्यामुळे बाकीच्यांनी रागावू नका, तुमचं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, व्हिएन्नाची ज्यू होती. आजोबा मँचेस्टरला टेक्स्टाईल शिकायला गेले होते, तिथे ती नर्स होती. १९५२ मध्ये दोघं लग्न करून बोटीने बॅलार्ड पिअरला उतरले आणि तिथून ती थेट माटुंग्याच्या दोन खोल्यांत, सासू सासरे दोन दीर एक नणंद सगळे तिथेच. आम्ही तिला ओमा म्हणायचो, जर्मनमध्ये ओमा म्हणजेच आजी, पण बिल्डिंगमधल्यांना ते अर्धवट वाटायचं म्हणून सगळे ओमाआजी म्हणायचे, म्हणजे आजीआजी. मराठी एकदम फर्स्टक्लास बोलायची, फक्त लिंग चुकायचं. "ती सूर्य आली बघ", "ते सुरी दे इकडे". आजोबा म्हणायचे अगं तुमच्या भाषेतही तीन लिंगं आहेत ना, तर म्हणायची, आहेत, पण आम्ही वेगळी वाटलीत.

दिवाळीत फराळाच्या ताटात करंजीशेजारी तिची चंद्रकोरीची बिस्किटं असायची, तिकडे बदाम घालतात म्हणे, ही काजूची पूड आणि व्हॅनिला नसेल तर वेलची. लोकांना वाटायचं करंज्या फसल्या. आणि एक सांगायचंच आहे, आई दारात रांगोळीचं स्वस्तिक काढायची तेव्हा ओमा मागे उभी राहायची आणि मधले चार ठिपके मात्र स्वतःच्या हाताने द्यायची, दरवर्षी. "ठिपके दिले की आपलं." आम्हाला तेव्हा काय कळणार.

तिकडचं काहीच सांगितलं नाही तिने. रात्री झोपायच्या आधी सगळ्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावायची, बास. दोन वर्षांपूर्वी गेली, ९७ वर्षांची होती. तिच्याच इच्छेने शिवाजी पार्कला अग्नी दिला. नंतर कपाट आवरताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात एका बाईचा आणि दहाबारा वर्षांच्या मुलाचा फोटो, मागे जर्मनमध्ये 'आई आणि धाकटा', काही जर्मन कागद ज्यात ओमाच्या नावाला 'सारा' जोडलंय, हे नाव आम्ही कधी ऐकलेलंच नाही, आणि एक चिठ्ठी, त्यावर रोमन चार, तिरकी रेघ आणि पुढे आकडे, खाली १९४२ आणि आजच्या चेक देशातल्या टेरेझिन गावाचं जर्मन नाव. आतेभाऊ म्हणतो की तिच्या हातावर नंबर नव्हता म्हणजे ती खऱ्या कॅम्पात नव्हतीच, टेरेझिनमध्ये म्हणे नाटकं आणि गाणी चालायची, नेटवर आहे. खरंच का? आणि जे तिने लपवलं ते आपण उकरावं का? आणि तिचा दिवस कसा करायचा? पहिल्या वर्षी आम्ही वर्षश्राद्ध केलं पण मनाचं समाधान झालं नाही.
– एक नात, माटुंगा

उत्तर : पत्र तीनदा वाचलं. चार ठिपके वाचून उठून पाणी प्यायले. नाझींच्या त्या वाकड्या चिन्हात ठिपके नसतात, ते तिने कधीतरी नीट बघून ठेवलं असणार आणि कुणाला उपदेश न करता सुनेच्या रांगोळीत आपली जागा करून घेतली. हे लिहून ठेवा, तारीख घालून, कारण हे जगातल्या कुठल्याच आर्काइव्हमध्ये मिळणार नाही.

आता आतेभाऊ. हातावर नंबर गोंदायची पद्धत फक्त आउशविट्झमध्ये होती, बाकीच्या कॅम्पांत नाही, आणि तिथेही सगळ्यांना नाही. उतरल्याबरोबर ज्यांना मारायला गॅस चेंबरकडे नेलं त्यांची नोंदच व्हायची नाही, आणि १९४४ मध्ये ज्यांना थोडे दिवस थांबवून पुढे दुसरीकडे मजुरीला पाठवलं अशांपैकीही कित्येकांना गोंदलं नव्हतं. त्यामुळे नंबर नाही म्हणजे काही झालंच नाही, हा हिशोब चुकीचा. आणि नंबर नव्हता असं तरी कुठे आहे, तुमच्याकडेच आहे की तो. टेरेझिनच्या छावणीत ज्यूंना घेऊन येणाऱ्या गाड्यांना खुणा असायच्या आणि रोमन चार ही व्हिएन्नाची खूण, रेघेनंतर गाडीचा क्रमांक आणि मग माणसाचा. ती चिठ्ठी म्हणजे तुमच्या सोळा वर्षांच्या ओमाचा नंबर.

नाटकं गाणी होती हे खरंय. कैदीच दिवसभर राबून झाल्यावर करायचे, जीव जगवायला. आणि त्याचाच नाझींनी देखावा केला. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसची माणसं बघायला येणार म्हणून भिंती रंगवल्या, बागा केल्या, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी मे महिन्यात साडेसात हजार लोक आउशविट्झला पाठवून दिले. टेरेझिनला एकूण सुमारे १ लाख ४० हजार ज्यू आणले गेले, त्यातले ३३ हजार तिथेच भुकेने रोगाने मेले आणि ८८ हजारांच्या आसपास पुढे पाठवले गेले, त्यातले फार थोडे परत आले. आतेभावाला हे आकडे दाखवा, भांडू नका, त्यालाही आजीच होती ती.

'सारा'चं कोडं सोपं आहे आणि वाईटही. ऑगस्ट १९३८ मध्ये जर्मनीत कायदा झाला की ज्या ज्यू माणसाचं नाव सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत नाही त्याने आपल्या नावाला एक नाव जोडायचं, बायकांनी सारा आणि पुरुषांनी इस्राएल. १ जानेवारी १९३९ पासून अंमल. ऑस्ट्रिया मार्चमध्येच गिळून झाला होता म्हणून तिथेही लागू. म्हणजे तुमच्या ओमाला बारा तेरा वर्षांची असताना सरकारने ते नाव चिकटवलं. ते तिचं लपवलेलं दुसरं नाव वगैरे नाही. तुम्ही शोधाल तेव्हा मात्र 'सारा' सकट आणि 'सारा' शिवाय असं दोन्ही टाकून बघा.

शोधायचं कुठे? जर्मनीत बाड आरोलसन गावात आरोलसन आर्काइव्ह्ज आहे, नाझी काळातले तीन कोटींच्या आसपास कागद, बराचसा भाग ऑनलाईन दिसतो, आणि नातेवाईकांनी फॉर्म भरला की ते फुकट शोधून देतात, फक्त उत्तराला महिने लागतात, तेव्हा रोज मेल उघडून बसू नका. दुसरं जेरुसलेमचं याद वाशेम. तिथे मारल्या गेलेल्यांची नावं जमवलीत, ४८ लाखांपेक्षा जास्त, प्रत्येक माणसामागे कुणीतरी भरून दिलेलं पान किंवा जुनी यादी. ओमा वाचली म्हणून ती त्या नावांत नसेल, पण फोटोतली आई आणि धाकटा यांची नावं टाका. आणि पान मिळालं तर खाली बघा, पान कुणी भरून दिलं त्याचं नाव, नातं आणि बऱ्याचदा पत्ताही असतो. मला सारखं वाटतंय की तिथे माटुंगा लिहिलेलं निघेल. नसेल निघत तर ते पान तुम्ही भरा, नातीला भरता येतं.

उकरावं का, हा तुमचा खरा प्रश्न. मी म्हणेन 'लपवलं' हा शब्द आधी काढून टाका. सात माणसांच्या दोन खोल्यांत कुणी चुकून सत्तर वर्षं डबा ठेवत नाही, किती रंगकाम झाली असतील, किती वेळा भंगारवाला दारात येऊन गेला असेल. तिला नको असतं तर नर्सबाईंनी चुलीत घातला असता. ती बोलली नाही, आणि डबा ठेवला, दोन्ही तिनेच केलं. म्हणून कागद वाचा, जर्मन येणाऱ्याकडून नीट वाचून घ्या, पण कागद जिथे थांबतो तिथे तुम्हीही थांबा, सिनेमात बघितलेलं तिच्या आयुष्यात भरू नका. चपलांचा अर्थ लावायचा मोह मलाही झाला, पळायची तयारी वगैरे, पण ताई, काही बायका नुसत्या टापटिपीच्याही असतात. 'चपला दाराकडे तोंड करून लावायची' एवढंच लिहा.

आता दिवस. मी ठाण्याची बेने इस्रायल, आमचे वाडवडील कोकणातले शनवार तेली, इथे आम्हाला ज्यू म्हणून कधी कुणी त्रास दिला नाही, त्यामुळे तुमच्या ओमाचं दुःख मला घरातून माहीत नाही आणि तिच्या पद्धती पण युरोपातल्या, आमचा मलिद्याचा विधी तिने कदाचित माटुंग्यात ऐकलाही नसेल. पण वर्षदिवसाची मुख्य गोष्ट सगळीकडे सारखीच. तारीख हिब्रू कॅलेंडरची धरायची, इंग्रजी तारीख टाकली की ऑनलाईन लगेच निघते, आणि आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की (ती मावळली की, ओमाच्या भाषेत) चोवीस तास चालेल असा दिवा लावायचा. मेणबत्तीच हवी असं काही नाही, समईत रात्री जागून तेल घाला. कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची तर दहा पुरुष लागतात, त्यासाठी जवळच्या मशिदीत जाऊन विचारा. आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो, मशीद बंदर स्टेशनचं नावही सॅम्युअल स्ट्रीटच्या आमच्या १७९६ च्या मशिदीवरून पडलं असं आमची मोठी माणसं सांगतात. कद्दीशची गंमत म्हणजे त्यात मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. आई आणि भाऊ कधी गेले ती तारीख नाहीच मिळाली तर तेवेत महिन्याची दहावी, डिसेंबर जानेवारीत येते, इस्रायलच्या मुख्य रब्बींनी तारीख माहीत नसलेल्यांसाठी हाच दिवस ठरवून दिलाय.

ज्यूंमध्ये दफन करतात, अग्नी देत नाहीत, हे तुम्हाला कुणीतरी ऐकवणार, त्याला सांगा तिची इच्छा होती. वर्षश्राद्ध केलंत त्यातही मला काही खटकत नाही. मी असते तर त्या दिवशी काजूची बिस्किटं केली असती, फसली तरी.

आणि हो, आतेभाऊ लवकरच विचारेल म्हणून आत्ताच सांगते, सप्टेंबर २०२० पासून ओमासारख्या लोकांच्या वंशजांना ऑस्ट्रियाचं नागरिकत्व मागता येतं, पण भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, ते घेतलं की इथला पासपोर्ट गेला.

प्रश्न : माझे सासरे कोल्हापूरचे, ते सांगायचे की वळिवड्याच्या कॅम्पात गोरे पोलिश लोक राहायचे. ते होलोकॉस्टमधून, म्हणजे हिटलरने केलेल्या ज्यूंच्या कत्तलीतून, वाचलेले ज्यू होते का?
– गिरगाव

उत्तर : नाही, ही गल्लत फार होते. वळिवड्याला १९४३ ते १९४८ साधारण पाच हजार पोलिश लोक होते, बहुतेक कॅथलिक, बायका आणि मुलं जास्त. त्यांना हिटलरने नाही, स्टॅलिनच्या राजवटीने घरातून उचलून सैबेरिया कझाकस्तानकडे नेलं होतं, १९४१ नंतर सुटका झाली आणि इराणमार्गे इकडे आले. थोडे ज्यू त्यांच्यात होते, पण थोडेच. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या महाराजांनी, जामसाहेबांनी, ठेवून घेतलेली मुलंही याच वाटेने आलेली, त्यातली पहिली तुकडी तर आधी आपल्या वांद्र्यात राहिली होती. सासऱ्यांची आठवण बरोबर आहे, फक्त गोष्ट दुसरी आहे.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी एक जर्मन ज्यू डॉक्टर होते, हिटलरला घाबरून आले होते, तरी १९३९ मध्ये इंग्रजांनी त्यांनाच पकडून नेलं असं ऐकलंय. असं कसं?
– कुलाबा

उत्तर : असंच झालं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी पासपोर्ट बघितला, माणूस नाही. जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रू, मग नाझी असो की नाझींपासून पळालेला, उचलून अहमदनगरच्या छावणीत, एकाच कुंपणात. चौकशी होऊन बरेचसे ज्यू पुढे सुटले, मुंबईत १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन होती, तिने त्यांच्यासाठी खटपट केली. सोसायटीच्या जुन्या फायलींत त्या डॉक्टरांचं काही पत्रबित्र असेल तर बघा, आणि मला पाठवणार असाल तर मोबाईलवर फोटो काढून पाठवा, मूळ कागद पोस्टात टाकू नका, मागच्या वेळी एकांचा गहाळ झाला आणि मला अजून झोप नाही.