लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला, म्हणजे मी पण तसाच होणार का?

गोव्यात फोंड्याला मी समुपदेशन करते, तिथे माझ्याकडे हा प्रश्न सारखा येतो, आणि बहुतेक वेळा एखादी वेबसिरीज किंवा रहस्यकथा संपवून येतो. शेवटी खुनी सापडतो, मग फ्लॅशबॅक, लहानपणी त्याच्यावर अत्याचार झालेले, झालं, उत्तर मिळालं. ज्याच्यावर खरंच तसं गुदरलंय तो हे बघून रात्रभर जागा राहतो, त्याचं काय?

असाच एक जण, पस्तिशी ओलांडलेला (ओळख पटेल ते सगळं बदललंय). बायकोला सातवा महिना, आणि हा बहिणीच्या तान्ह्या बाळाला हातसुद्धा लावेना. "मॅडम, माझ्याबरोबर झालं ते मी पण करीन, असंच असतं ना?"

"तसं करावंसं वाटतं, की हातून होईल अशी भीती वाटते?"

"भीती. नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो."

ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खूप जण इथेच अडकतात. अमेरिकेतल्या संशोधक विडम बाईंचा १९८९ चा अभ्यास मी त्याला सांगितला, छळ झालेल्या मुलांत पुढे अटक होण्याचं प्रमाण जास्त निघालं खरं, पण बहुतेकांना कधीच अटक झाली नव्हती. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

पुढे एकदा मी विचारलं, सिरीजमधल्या त्या पोराने कोणाला सांगितलं होतं?

"कोणालाच नाही."

"आणि तुम्ही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आजीला. गणेश चवथीला सगळे मूळ घरी जमलेले तेव्हा. ती काही बोलली नाही, मला जवळ घेऊन बसली. पण पुढच्या चवथीला तो काका आला नाही, मग कधीच..." आणि रडायलाच लागला, कारण आजीनेच त्या काकाचं येणं बंद केलं हे इतकी वर्षं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

ह्या कामात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते असे क्षण. मी मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी वाचून घडलेली, माणूस जवळच्या नात्यांतून सावरतो असं मानणारी, आणि माझं ठाम मत आहे की असल्या कथांतून नेमकी ही आजीच गाळलेली असते. ज्यांना तेव्हा आजी मिळाली नाही त्यांनीही घाबरू नका, विश्वास ठेवणारं माणूस चाळिशीत भेटलं तरी फरक पडतो, फक्त सांगायला सुरुवात करा.

आणि आत्ता तुमच्या घरात एखादं मूल असं काही सांगत असेल तर उलटतपासणी घेऊ नका, "बरं केलंस सांगितलंस" म्हणा आणि १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा, पण गोव्याचा स्वतःचा बालकायदा २००३ पासून आहे. त्या आजीच्या वेळी यातला एकही कायदा नव्हता.