प्राचीन ग्रीक राजकारणाच्या अभ्यासकाला खऱ्या राजकारणाची झळ कधी लागते का?

तुम्ही विचारलंय की अथेन्सच्या लोकशाहीवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाचा खऱ्या राजकारणाशी कधी संबंध येतो का, की सगळा जन्म ग्रंथालयातच जातो. मला लगेच प्राचीन ग्रीसचे इतिहासकार मोझेस फिनले आठवले. राजकारणापायी त्यांची नोकरी गेली आणि शेवटी देशही सुटला.

जन्म १९१२ चा, न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबातला. मूळ आडनाव फिंकेलस्टाइन. पंधराव्या वर्षी सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी, मग कोलंबिया विद्यापीठात एम. ए. आणि तेही कायद्यात, ग्रीकमध्ये नव्हे. पुढे नाझींच्या तावडीतून निसटून न्यूयॉर्कला आलेल्या फ्रँकफर्टच्या समाजशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केलं. या वळणावळणाच्या वाटेनं आल्यामुळेच त्यांचे प्रश्न वेगळे होते, असं मला वाटतं. त्यांचा प्रबंध अथेन्समधल्या जमीन आणि कर्जव्यवहारावर आहे. तिथे गहाण पडलेल्या शेतात तसं कोरलेला दगड उभा करत. हे दगड तपासून फिनलेंनी दाखवलं की ही कर्जं बहुतेक जमीनजुमला असलेल्या लोकांचीच होती, आणि ती धंदा वाढवायला नव्हे, तर हुंडा किंवा अशाच मोठ्या खर्चासाठी काढलेली होती.

हा प्रबंध पुस्तकरूपात आला १९५२ साली. त्याच वर्षी त्यांना कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर उभं राहावं लागलं. पूर्वी ते कम्युनिस्टांचं अभ्यासमंडळ चालवत, अशी साक्ष आधीच झाली होती. पक्षाचे सभासद कधी होतात का, या प्रश्नाला त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेऊन उत्तर नाकारलं. तेव्हा ते रटगर्स विद्यापीठात शिकवत होते. तिथल्या प्राध्यापकांच्या समितीनं कारवाईची गरज नाही असं सांगितलं, पण विश्वस्तांनी ते धुडकावलं आणि वर्ष संपता संपता त्यांना काढून टाकलं. घटनेनं दिलेला हक्क वापरला, एवढाच गुन्हा. हे वाचताना मला आजही संताप येतो.

इंग्लंडनं त्यांना जागा दिली. १९५५ पासून केंब्रिजमध्ये अध्यापन, १९६२ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व, १९७० मध्ये प्राचीन इतिहासाचं प्राध्यापकपद, नंतर डार्विन कॉलेजचं प्रमुखपद आणि १९७९ मध्ये 'सर' हा किताब.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या १९६२ च्या एका निबंधात आहे. विषय: अथेन्सचे डेमागॉग, म्हणजे लोकांना भडकवून आपल्यामागे नेणारे म्हणून बदनाम झालेले पुढारी. सुरुवात होते अथेन्सनं सिसिली बेटावर केलेल्या स्वारीपासून. इ. स. पू. ४१३ मध्ये तिथे सगळं आरमार नष्ट झाल्याची बातमी आली, तेव्हा अथेन्सचे लोक मोहिमेची भलामण करणाऱ्या वक्त्यांवर चिडले, जणू काही मत त्यांनी स्वतः दिलंच नव्हतं. त्या काळचा इतिहासकार थ्यूसिडिडीस यानं हे लिहिलं आणि त्याच्यापासून पुढचे बहुतेक विद्वान बोट दाखवत आले ते पुढाऱ्यांकडे आणि 'अडाणी जमावा'कडे. फिनले विचारतात, या व्यवस्थेत पुढारी दुसरं काय करणार होता? पक्ष नाहीत, मंत्रिमंडळ नाही, नोकरशाही जवळजवळ नाही. निक्स टेकडीवर उघड्यावर हजारो नागरिक जमत आणि युद्ध करायचं की नाही हे त्याच दिवशी हात वर करून ठरवत. काल सभा जिंकली म्हणून आज काही हक्क सांगता येत नसे. पुन्हा उभं राहायचं, पुन्हा पटवायचं, आणि हरलात तर दंड, हद्दपारी, प्रसंगी प्राणही. असे पुढारी ही या लोकशाहीला जडलेली व्याधी नव्हती, तिचा गाडा त्यांच्यावाचून चाललाच नसता. अथेन्सचा सर्वांत नावाजलेला पुढारी पेरिक्लिस, त्यालाही हेच करावं लागे.

सर्वसामान्य माणसाला राजकारण कळत नाही, त्यानं दूर राहिलेलंच बरं, असं मानणारे राज्यशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेत वजनदार होते. त्यांना फिनलेंनी काही व्याख्यानांतून अथेन्सचा दाखला देऊन उत्तर दिलं. तिथला शेतकरी किंवा चांभार चिठ्ठी निघाली की वर्षभर सभेपुढचे विषय तयार करणाऱ्या पाचशे जणांच्या मंडळात बसे, कारभार आतून बघे आणि शिके. ही व्याख्यानं त्यांनी १९७२ मध्ये दिली, आणि दिली ती रटगर्समध्येच. वीस वर्षांपूर्वी हाकललेल्या माणसाला विद्यापीठानं सन्मानानं बोलावलं आणि तो लोकशाहीवर बोलला. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं: 'डेमॉक्रसी एन्शंट अँड मॉडर्न'.

त्यांनी अथेन्सला देव्हाऱ्यात बसवलं नाही. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक या सभेबाहेर होते. ग्रीक जगात स्वातंत्र्य आणि गुलामगिरी बरोबरीनं वाढली, हे त्यांनी वारंवार मांडलं. मात्र प्राचीन अर्थव्यवस्थेबद्दलचं त्यांचं मत मला एकांगी वाटतं. व्यापार आणि बाजार यांना त्यांनी फारच कमी लेखलं. समुद्रतळाशी सापडलेली जहाजं आणि त्यांतले मद्याचे, तेलाचे रांजण वेगळंच सांगतात.

१९८६ च्या जूनमध्ये पत्नी मेरी वारल्या आणि दुसऱ्याच दिवशी फिनलेही गेले.

वाचायचं असेल तर लोकशाहीवरच्या त्या पुस्तकाची १९८५ ची आवृत्ती मिळवा. डेमागॉगांवरचा निबंध तिच्यात घातलेला आहे. भाषा सोपी आहे, ग्रीक यायला लागत नाही. ग्रीक महाकवी होमरची ओढ असेल तर त्याआधी 'द वर्ल्ड ऑफ ओडिसियस' घ्या. ते त्यांनी नोकरी गेल्यानंतरच्या त्या कठीण काळातच छापून आणलं.