भाला हातात घेतलास, आता कोपर सांभाळ

बाबू, गुहागरच्या पुळणीवरचा तुझा व्हिडिओ पाहिला. हात झकास आहे, पण डावा पाय टेकताना गुडघा दुमडतोय. सगळा जोर तिथेच जिरतो. कोरड्या वाळूत तो पाय रोवला जाणारच नाही. धावून फेकायचं ते ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. दुपारचा वारा सुटला की टेप घरीच ठेव, आकडे खोटे येतात.

कोपर दुखलं तर लपवू नकोस. मी लपवलं, दोन मोसम गेले. नीरज चोप्राचं २०१९मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर, सुवर्ण! नव्वदी मात्र थेट २०२५मध्ये, दोह्याला, ९०.२३.

आणि ८०० ग्रॅमचा भाला इतक्यात कशाला? अठराच्या आतल्या मुलांना ७००चाच असतो.