बखर वाचण्याआधी तिचा काळ बघा

इतिहासात नव्याने शिरताय, तर मजकुरात रमण्याआधी तो कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिला ते शोधा. सभासद बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली; तिचा लेखक कृष्णाजी अनंत सभासद, त्याने शिवकाळ स्वतः पाहिला होता. चिटणीस बखर थेट एकोणिसाव्या शतकातली. दोन्ही बखरीच, पण वजन सारखं नाही. (आठवणीवर तर सभासदही लिहितो, त्याचे आकडे पारखूनच घ्या.)

शिवजन्माचंच बघा ना. उत्तरकालीन बखरींमुळे १६२७ हे साल रूढ होतं. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, घटनांच्या तिथीवार नोंदींची यादी) प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवभारत या शिवकाळातल्याच संस्कृत काव्यातही तीच तिथी, आणि राजस्थानात सापडलेल्या जन्मपत्रिकेचाही दुजोरा. वेगवेगळ्या ठिकाणची साधनं अशी जुळली की मगच मला भरवसा वाटतो. एकाच बखरीवरून उतरवलेली दहा पुस्तकं मात्र एकच साक्ष धरा.

व्हॉट्सॲपवर ‘अस्सल पत्र’ आलं तर मूळ कुठल्या दप्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, आहे ते विचारा. उत्तर नाही आलं, तर सोडून द्या. आणि जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी शिकायला लागा, अगदी याच आठवड्यात.